बॉक्स गार होईपर्यंत

आमच्या वर्कशॉपमध्ये पावडरची तीन पिंपं होती आणि तिन्हींच्या कड्यांना कापडाची एकेक चिंधी बांधलेली असायची. पांढरी चिंधी म्हणजे ताजी पावडर, निळी म्हणजे मशीनमधून जाऊन आलेली, आणि लाल म्हणजे दमलेली. पिंपांवर छापील स्टिकर होते, पण ते कुणी वाचत नसे. सगळे चिंध्याच बघायचे. त्या चाळणताईंनी बांधल्या होत्या. चिंध्या त्यांच्या भावाच्या शिलाईच्या दुकानातल्या.

चाळणताई हे नाव मशीनवाल्याने ठेवलेलं. त्याला सगळ्यांची नावं ठेवायची हौस. ताईंनी ते कधी मनावर घेतलं नाही. मी तिथे पॅकिंगला होतो. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून लागलेला म्हातारा माणूस मी. मशीनमधलं मला बेताचंच कळतं, तेव्हा पुढे काही चुकीचं लिहिलं गेलं तर ती चूक माझी समजावी, ताईंची नव्हे.

काम असं होतं. नायलॉनची पांढरी पावडर असते, पिठाहून बारीक. मशीनमधला रोलर एका बॉक्समध्ये तिचा अगदी पातळ थर पसरतो. वरून लेझर फिरतो आणि जिथे वस्तू हवी तेवढीच पावडर वितळवून जोडतो. त्यावर पुन्हा थर, पुन्हा लेझर. शेवटी बॉक्समध्ये एक मोठा पांढरा ठोकळा तयार होतो आणि वस्तू त्याच्या पोटात असतात, जमिनीतल्या बटाट्यांसारख्या. ठोकळा फोडायचा, वस्तू ब्रशने झाडायच्या आणि उरलेली सुटी पावडर चाळून पुन्हा वापरायला ठेवायची. फोडणं, झाडणं, चाळणं हे सगळं ताईंकडे. दिवसभर तोंडाला मास्क, केसांना रुमाल, तरी संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

"घरी गेले की दादा म्हणतो, आली आमची पिठाची गिरणी," त्या सांगायच्या.

पावडर पुन्हा वापरायची म्हणजे तशीच ओतायची नाही. मी एकदा विचारलं होतं, की जिला लेझर लागलेलाच नाही ती पावडर जुनी कशी होते?

"लागत नाही हो लेझर," ताई म्हणाल्या. "पण त्या भट्टीत शेजारी बसून असते ना सारखी. नुसती शेकून शेकून दमते."

दमलेली पावडर नीट वितळत नाही. वस्तूवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात, आणि वाकवली की मोडते. म्हणून निम्मी ताजी, निम्मी वापरलेली असं मिसळायचं. प्रत्येक बॉक्समध्ये एका कडेला ताई बोटाएवढी एक पट्टी करायला लावत. बॉक्स उघडला की आधी ती पट्टी हातात घ्यायची आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकवायची. वाकून परत सरळ झाली तर पावडर निळ्या चिंधीत. कडकन मोडली तर लाल चिंधीत.

"काय ताई, बोटं मोडताय का पावडरच्या नावाने?" मशीनवाला विचारायचा.

"पावडरच्या कशाला मोडू? तू आहेस की समोर."

आणखी एक नियम होता. बॉक्स गार झाल्याशिवाय उघडायचा नाही. मशीन जितका वेळ चाललं, जवळजवळ तितकाच वेळ गार व्हायला जातो. वरून हात लावला तर गार लागतो, पण पोटात ऊब धरून असतो. गरम उघडला तर वस्तू वेड्यावाकड्या होतात. शिवाय गरम पावडरीला हवा लागली की ती पिवळी पडते, आणि मग चाळा नाहीतर काही करा, मशीनमध्ये ती पुन्हा घालता येत नाही. नव्या माणसाला ताई सगळ्यात आधी हेच शिकवत. मशीनवाला एकदा घाईने झाकणाला हात घालायला गेला, तर या मध्ये उभ्या.

"दूध आहे का ते, उतू जायला? राहू दे."

ताईंचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. भाऊ जाऊन त्यांना घेऊन आला. "बॅग उचलली आणि म्हणाला, चल बारके. बास. नंतर कधी त्यावर बोलणं नाही," एवढंच त्यांनी मला एकदा पट्ट्या मोजता मोजता सांगितलं होतं. भाऊ शिंपी. त्याने स्वतः लग्न केलं नाही. का, ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या. बरीच वर्षं ताईंनी भावाच्या हाताखाली काज-बटणं केली. मग डोळे काजाला साथ देईनात, आणि तयार कपड्यांमुळे कामही आटलं, तेव्हा त्या वर्कशॉपमध्ये आल्या. म्हणायच्या, इथे निदान सुईत दोरा ओवावा लागत नाही.

भावाला झटका आला तो कापड बेतताना. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात हळूहळू परत आला, पाय मात्र राहिला. म्हणजे पाय होता, पण पाऊल लोंबायचं. चवडा वर उचलायचाच नाही. चालताना बोटं जमिनीवर घासत यायची, आणि शिलाई मशीनच्या पायडलवर पाऊल ठेवलं की ते घसरून खाली.

तेव्हापासून ताई दमायला लागल्या. दिवसभर पावडर आणि रात्री भाऊ. त्याला उठवणं, बसवणं, संडासला नेणं. दुपारी जेवून झालं की त्या पिंपाला पाठ टेकून डोळे मिटून बसायच्या. मशीनवालासुद्धा मग चेष्टा करायचा नाही. हळूच मशीनजवळचा रेडिओ बंद करायचा.

मी एकदा पँटची शिवण उसवली म्हणून त्यांच्या घरी गेलो. खरं तर शिवणीचं निमित्त होतं. भाऊ मशीनजवळच्या खुर्चीत बसलेला. भुवया दाट, गळ्यात मापाची टेप. ती टेप त्याने आजारपणातही काढली नव्हती.

"या आबा. पँट कसली आणता, नवीन घ्या," तो म्हणाला. "आमचं दुकान आता दाखवायला आहे."

"मोटर बसवून बघा ना," मी म्हटलं. मला काहीतरी बोलायचं म्हणून.

"बसवली होती. तिलाही दाबायला पायच लागतो. डाव्या पायाने दाबलं तर कापड पोचलं सासरी आणि मी आपला माहेरी." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "पाय माझा, पण ऐकतो कुणाचं काय माहीत."

हॉस्पिटलमधून एक लोखंडी ब्रेस मिळाला होता, पाऊल वर धरून ठेवायला. जड होता, घोट्याला घासून जखम झाली. भावाने तो पलंगाखाली टाकला आणि पुन्हा काढला नाही. शेवटी हॉस्पिटलमधल्या ब्रेस बनवणाऱ्या बाईच म्हणाल्या की नायलॉनचा हलका ब्रेस करता येईल, पायाच्या मापाचा. आणि तो जिथे होतो ते वर्कशॉप आमचंच होतं. ताईंनी मालकांना विचारलं.

मालक म्हणाले, "विचारायचं काय त्यात? पुढच्या बॉक्समध्ये जागा आहे. टाकू या."

पण ताजी पावडर येईना. माल कुठेतरी अडकला होता. पांढऱ्या चिंधीचं पिंप तळाला गेलं. मशीनवाला म्हणाला की जुनीच जास्त घालून काढू या, ब्रेसच तर आहे. ताईंनी नुसती एक मोडलेली पट्टी त्याच्या हातावर ठेवली. "हा तुकडा दादाच्या टाचेखाली मोडला तर?"  पिंपात उरलेली ताजी पावडर मालकांनी ब्रेसच्या बॉक्ससाठी राखून ठेवायला सांगितली. त्याच बॉक्समध्ये एका गिऱ्हाइकाची कव्हरंही होती. सगळं जुळून मशीन सुरू व्हायला आठवडा संपत आला.

आणि इकडे घरी भावाने शिलाई मशीन विकायचं ठरवलं. दुसऱ्या गल्लीतल्या एका शिंप्याला त्याने शब्द देऊन टाकला. रविवारी सकाळी तो हातगाडी घेऊन येणार होता.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा डोळे सुजलेले. "मी म्हटलं, दादा, ब्रेस येतोय. थोडं थांब. तर म्हणतो, तो लोखंडाचापण असाच येत होता. आणखी किती वाट बघायची? रोज समोर बसून त्या मशीनकडे बघणं मला होत नाही, बारके. नेऊ दे त्याला. असं म्हणाला." मग त्या म्हणाल्या, "मशीन गेलं ना आबा, तर दादा उठणार नाही. ब्रेस कितीही चांगला होवो. उठून जायचं कुठे?"

शनिवारी दुपारी वर्कशॉपमधलं मशीन थांबलं. बॉक्स बाहेर काढून कोपऱ्यात ठेवला. तो गार व्हायला रविवार दुपार उजाडणार होती, आणि रविवारी वर्कशॉप बंद. मालक जाताना म्हणाले, "ताई, सोमवारी सकाळी पहिला तुमचाच ब्रेस काढू." त्यांना हातगाडीचं काही माहीत नव्हतं. ताईंनी मान हलवली.

मशीनवालाही गेला. मी कव्हरांसाठी खोकी जुळवत बसलो होतो. ताई बॉक्सपाशी गेल्या, झाकणावर हात ठेवला, काढला. चाळणीपाशी आल्या, चाळण पुसली. पुन्हा बॉक्सपाशी गेल्या.

"वरून गार आहे," त्या म्हणाल्या.

"वरून असतोच ना ताई. तुम्हीच सांगता."

"हो. मीच सांगते."

त्यांनी हातमोजे घातले. मी उठून जवळ गेलो. 

"मालकांना फोन करू का?" मी विचारलं.

"फोन केला तर ते नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. बसा तुम्ही आबा. हे तुम्ही बघितलं नाही." आणि त्यांनी झाकण उचललं.

ऊब एकदम तोंडावर आली. उन्हात ठेवलेल्या गादीसारखी. ताई हात घालून पावडर बाजूला करत गेल्या. घाम गळत होता, तो पुसतही नव्हत्या. ब्रेस खाली होता, मध्यभागी, सगळ्यात गरम जागी. तो मिळाला तेव्हा चांगला दिसत होता. मला तरी दिसला. ताईंनी तो टेबलावर ठेवला आणि ब्रशने झाडायला सुरुवात केली, आणि झाडता झाडताच तो वळला. डोळ्यांसमोर. पोटरीची बाजू बाहेर आली, टाच एका अंगावर कलली. उकळत्या पाण्यातून काढलेली प्लास्टिकची बाटली जशी बसते तसा बसला.

ताईंनी ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी ती बोटाएवढी पट्टी शोधून काढली आणि सवयीने वाकवली. पट्टी वाकली, परत आली. पावडर उत्तम होती. बॉक्समध्ये मात्र उघड्या पावडरीवर पिवळसर झाक चढायला लागली होती, आणि कव्हरंही कडांना उचलली होती.

त्या खोक्यावर बसल्या. रडल्या नाहीत. "दमले हो मी," एवढंच म्हणाल्या, जणू कुणीतरी विचारलं होतं. मग, "उद्या घरी याल का? मला एकटीला त्याला हे दाखवायचं नाही."

मी रविवारी सकाळी गेलो. हातगाडी दारात उभी होती. विकत घ्यायला आलेला शिंपी, तरुण पण सभ्य माणूस, मशीनवर हात फिरवत होता. भाऊ खुर्चीत बसून त्याला तेलाची भोकं दाखवत होता. "इथे विसरायचं नाही. इथे विसरलं की कुरकुर करतं, बायकोसारखं. मला बायको नाही, पण ऐकून आहे."

ताई आतून आल्या. ब्रेस फडक्यात गुंडाळलेला होता. त्यांनी तो भावाच्या मांडीवर ठेवला. "दादा, मी बॉक्स गरम असताना उघडला. वाकडा झाला. सगळी पावडर गेली, लोकांचा मालही गेला. उद्या मला मालकांना तोंड दाखवायचंय." सगळं एका दमात.

भावाने ब्रेस उजेडात धरला. उलटा केला. आतून अंगठा फिरवला, जसा तो कोटाच्या खांद्यावरून फिरवायचा. मग वाकून, बऱ्याच कष्टाने, पाय त्यात घातला. टाच बसेना. पोटरीला बाहेर फट राहिली. चवडा मात्र वर उचलला गेला.

"घासत नाही," तो म्हणाला. "हलका आहे गं."

"वाकडा आहे दादा."

"दिसतंय मला. पाय गेलाय, डोळे नाहीत गेले." त्याने खिशातून खडू काढला. निळा, चपटा, कडा झिजलेला. ब्रेसवर टाचेपाशी एक रेघ मारली. पोटरीच्या फटीशी दुसरी, घोट्याच्या हाडाभोवती गोल. "इथे अर्धं बोट आत. इथे सैल. हे हाड मोकळं ठेवायचं, त्या लोखंडाने इथेच खाल्लं होतं मला. पहिल्या ट्रायलला कुठला कोट अंगावर बसतो, बारके? ट्रायल झाली म्हणायची."

मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि तो वाकडा पाय पायडलवर ठेवला. पाऊल कललेलं होतं, पण घसरलं नाही. चाक एकदा फिरलं. दुसऱ्यांदा फिरता फिरता अडकलं. त्याने हाताने चाकाला धक्का दिला आणि पुन्हा फिरवलं. सुईत दोरा नव्हता, खाली कापडही नव्हतं. खोलीत नुसता मशीनचा खडखडाट, तुटक तुटक. लगेच त्याला धाप लागली आणि तो थांबला.

हातगाडीवाल्या शिंप्याकडे बघून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी या."

"मग नक्की देणार ना मामा?"

"ते पुढच्या रविवारी सांगतो. चहा घेऊन जा."

शिंपी चहा पिऊन रिकामी हातगाडी घेऊन गेला. ताई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी डोकावून बघितलं, तर ओट्याला टेकून उभ्या उभ्याच डोळे मिटले होते.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. मालक आले, बॉक्स बघितला, पिवळी पावडर मुठीत घेतली. "कुणी उघडला?"

"मी."

"ताई, तुम्ही?" एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ताई नंतर म्हणाल्या. मग त्यांनी हातगाडीचं सांगितलं. मालक ऐकत राहिले. "मला सांगायचं होतंत ना. मी त्या माणसाशी बोललो असतो, तुमच्या भावाशी बोललो असतो." ताईंनी मान खाली घातली. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

गिऱ्हाइकाची कव्हरं पुन्हा करावी लागली. मालकांनी त्या प्रकाराचं नाव पुन्हा काढलं नाही, पण बॉक्सच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्याकडे ठेवली. ते ताईंना लागलं. इतकी वर्षं झाकणाला कुलूप लागलं नव्हतं, त्यांचा शब्दच पुरत असे. मशीनवाला एकदा म्हणाला, "ताई, आता तुम्हाला मी शिकवू का?" आणि लगेच त्याचंच तोंड पडलं. ताई म्हणाल्या, "शिकव बाबा. मला गरज आहे."

पिवळी पावडर टाकून द्यायची होती. चौथं पिंप भरलं. ताईंनी आधी ती सगळी चाळली. मी म्हटलं, टाकायचीच तर चाळता कशाला? म्हणाल्या, "हाताला काहीतरी हवं." भावाने जाड कापडाच्या दुपदरी पिशव्या शिवल्या, डाव्या पायाने, शिवण वाकडीतिकडी, आणि ताईंनी त्यात ती पावडर भरली. कापड बेतताना उडू नये म्हणून त्यावर ठेवायला वजनं झाली. सगळी पावडर काही त्यात संपली नाही. उरलेलं पिंप आम्ही दोघांनी ढकलत मागच्या दाराशी नेलं, वाटेत दोनदा थांबून.

ताजी पावडर आली तेव्हा बरेच रविवार उलटले होते. प्रत्येक रविवारी तो शिंपी यायचा, चहा प्यायचा आणि रिकामी हातगाडी घेऊन जायचा. पुढे पुढे हातगाडी आणायचीही त्याने सोडली. खडूच्या रेघा असलेला वाकडा ब्रेस हॉस्पिटलमधल्या बाईंनी ठेवून घेतला आणि रेघांवरून माप सुधारलं. नवा ब्रेस बॉक्समध्ये टाकला, निम्मी ताजी, निम्मी निळ्या चिंधीची.

तो काढल्यावर एका शनिवारी भाऊ स्वतः न्यायला आला. काठी टेकत, मध्येमध्ये थांबत. माझ्या स्टुलावर बसून त्याने ब्रेस चढवला. टाच बसली. तो उठला आणि चार पावलं टाकून पिंपांपर्यंत गेला, तिथे कड्याला धरून उभा राहिला.

"ही लाल चिंधी कुठल्या ब्लाउजची गं? विरलीय. उद्या दुसरी देतो."

"बस आता खाली. दमशील."

"दमलोच आहे. तू कोणती ताजी आहेस?"

"मी लाल चिंधीतली," ताई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी मशीनवाल्याबरोबर हसल्या.

आता तो रोज थोडा वेळ शिवतो. पूर्वीइतकं नाही होत. दुपारी पाय सुजतो, मग ब्रेस काढून ठेवावा लागतो, आणि ताई घरी गेल्यावर पाय चोळून देतात. स्वतःचे पाय चोळायला त्यांना कुणी नाही.

ब्रेस नेला त्या संध्याकाळी दोघं निघाली. ताई पुढे जायच्या, मागे वळून उभ्या राहायच्या. "पुढे हो गं, मला गुरासारखी हाकू नकोस," भाऊ रस्त्यातून ओरडला, ते मला आतपर्यंत ऐकू आलं. कोपऱ्यात नवा बॉक्स होता, दुपारीच मशीनमधून काढलेला. झाकणाच्या कुलपाची किल्ली मालकांनी त्या दिवशी ताईंच्या टेबलावर ठेवली होती. ताईंनी ती उचलली नव्हती.

तो बॉक्स आम्ही सोमवारी उघडला.